जिभाऊचे कान

मी आयुष्यभर लोकांचे कान धरले; पिळले मात्र एकाचेही नाहीत. लग्नकार्यात कोणी विचारलं, "ताई, तुम्ही काय करता?" आणि मी "ऑडिओलॉजिस्ट आहे" म्हटलं, की समोरचा खूश होऊन म्हणतो, "अरे वा! म्हणजे रेडिओवर!" नाही हो, मी कान तपासते, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे मळ काढता?" तेही नाही. मळ काढतो, थेंब देतो, ऑपरेशन करतो तो कानाचा डॉक्टर. माणसाला ऐकू येतं का, किती येतं आणि येत नसेल तर आवाज वाटेत कुठे अडतो, एवढंच मी शोधते. बोलायला हे दोन ओळींचं काम आहे, पण ते करताना माझं सगळं आयुष्य मजेत गेलं.

आणि या कामाला सुरतसारखं शहर शोधून सापडणार नाही. मी मुंबईत शिकले, लग्न बँकेतल्या माणसाशी केलं, त्यांची बदली इथे झाली आणि उधन्याच्या मोठ्या रस्त्यालगत एका दवाखान्यात मला एक खोली मिळाली. खोलीच्या आत लाकडी, जाड गादी लावलेली आणखी एक छोटी खोली. तिचं दार लावलं की बाहेरच्या जगाचा आवाज बंद. बाहेरचं जग म्हणजे लूम, यंत्रमाग! लूमच्या शेडला इथे खातं म्हणतात. खात्यात एवढा खडखडाट असतो की शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी शब्द पोहोचत नाही. म्हणून खात्यातली माणसं ओठ बघून बोलतात. गंमत अशी, की आपण ओठ वाचतो हे त्यांचं त्यांनाच माहीत नसतं. कोरोनात सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले आणि लूमवाल्यांची वस्ती असलेलं अर्धं लिंबायत एकाएकी बहिरं झालं! "कोरोनानं कान खाऊन टाकले मॅडम," म्हणत माणसं दाराशी येऊन उभी राहिली. मी त्या छोट्या खोलीत काचेच्या खिडकीमागे गेले, मास्क खाली केला आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवून विचारलं, "जेवण झालं का?" बाहेरचा गडी लगेच म्हणाला, "हो ना, खाऊनच निघालो." त्याचे कान वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच लूमने खाल्ले होते. कोरोनाने फक्त ते उघड केलं.

बारडोलीचे एक काका होते, उसाचे मोठे शेतकरी. मुलाने त्यांना कानाचं मशीन घेऊन दिलं. पुढच्या खेपेला आले तर मशीन शर्टच्या खिशात. मी विचारलं, "काका, हे खिशात ठेवून कसं ऐकू येणार?" काका शांतपणे म्हणाले, "बेन, कामनी वात होय त्यारे ज पहेरुं छुं." कामाची गोष्ट असेल तेव्हाच घालतो! त्यांची बायको शेजारीच बसली होती. तिच्याकडे बघून मी हसू आवरलं आणि मशीन परत त्यांच्या कानात बसवलं. रस्त्यावर पोचेपर्यंत ते पुन्हा खिशात गेलं असणार, याबद्दल मला शंका नाही.

मोठ्या माणसांचं असं हसत-खेळत चालतं. लहान मुलांचं तसं नाही. मूल ऐकून बोलायला शिकतं आणि त्या शिकण्याची वर्षं मोजकी असतात. ती निघून गेली की मग आपण कितीही धावा, थोडं काहीतरी मागे राहून जातंच. माझ्याकडे पाच-सहा वर्षांची, एक शब्द न बोलणारी मुलं यायची आणि बरोबरची आजी म्हणायची, "याचा बापपण उशिराच बोलला." त्या बापाला उठून एक द्यावी असं मला प्रत्येक वेळी वाटलंय. त्याचा काय दोष, पण वाटायचं खरं.

लहान मुलाची पक्की तपासणी झोपेत होते. डोक्याला दोन-चार चिकटपट्ट्या लावायच्या, कानात टिकटिक सोडायची, आणि टिकटिक मेंदूपर्यंत पोचते का ते मशीन रेघांनी दाखवतं. तिला आम्ही बेरा म्हणतो. मूल गाढ झोपलेलं हवं, एवढीच अट. म्हणून आईला सांगायचं, सकाळी लवकर उठवा, दमवा, आणि पेंगुळलेलं घेऊन या. मग ते पोर लिंबायतहून येताना रिक्षात ढाराढूर झोपतं आणि माझ्या दारात रिक्षा थांबली की टक्क जागं होतं! किती मुलांना मी मांडीवर घेऊन थोपटलंय त्याला हिशेब नाही. मशीन चालवायला शिकवतात, मूल झोपवायला कोणी शिकवत नाही.

आता जे सांगायचं म्हणून लिहायला बसले तिकडे येते. दिवाळीनंतर सुरतेत परदेशात गेलेली इथली माणसं उतरतात. दात, डोळे, गुडघे सगळं इथे दाखवून घेतात. त्यात "तिकडच्या डॉक्टरने मुलाबद्दल असं सांगितलंय, तुम्ही काय म्हणता?" असं विचारणारेही असतात. सेकंड ओपिनियन. माझा नियम साधा होता. मूल समोर असेल तर बोलेन. फोनवरून कान तपासता येत नाहीत, हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की ते घरातल्यांनाही पाठ झालंय. तो नियम ज्यांनी मोडायला लावला त्या कौतिकबाई.

कौतिकबाई लिंबायतच्या. मूळच्या धुळ्याकडच्या, बोलणं अहिराणी. नवरा खात्यात लूम चालवायचा आणि त्या तिथेच बॉबिन भरायच्या. नवरा वारला, पण त्याआधी दोघांनी मिळून एकुलत्या मुलाला, प्रशांतला, टेक्स्टाइल इंजिनिअर केलं. तो जर्मनीत विणकामाची मशीनं बनवणाऱ्या कंपनीत लागला. ज्या मशीनने बापाचे कान घेतले, तीच मशीनं पोरगा तिकडे कमी आवाजाची करायच्या खटपटीत होता, हे मला भलतंच आवडलं होतं. नवऱ्याच्या कानांसाठी कौतिकबाई पूर्वी माझ्याकडे यायच्या, म्हणून ओळख.

तेव्हा मी निवृत्त होऊन आठवड्यातून एखाद-दुसरी सकाळ दवाखान्यात जात होते. कौतिकबाई आल्या त्या दारातूनच गरजल्या. त्यांचं साधं बोलणंही रस्त्याच्या पलीकडे जातं. खात्याची सवय.

"बाई, मी दुसरं मत लेवाले उनू!"

मला काही कळेना. सुरतेत कुठली निवडणूक लागली?

"तथा एक मत पडनं. आते तुमनं पडू द्या," त्या म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला. फोनवर प्रशांत होता. त्याने आईला सांगितलं होतं की मॅडमचं दुसरं मत घ्यायचंय, आणि आईने ते तसंच्या तसं आणून माझ्यापुढे टाकलं होतं.

प्रशांतचा आवाज अगदी बसलेला. त्याचा आणि त्याच्या बायकोचा, मनीषाचा, मुलगा माधव, तीन वर्षांचा व्हायला आलेला, बोलत नव्हता. एक-दोन आवाज काढायचा, तेवढंच. तिकडच्या बालवाडीतल्या बाईंनी सुचवलं म्हणून दाखवलं. मुलांच्या वाढीच्या डॉक्टरीणबाईंनी दोन-तीनदा बोलावून बघितलं. मूल एकटं खेळतं, नावाने हाक मारली तर वळत नाही, बोलत नाही. ऑटिझमची शंका आहे, असं त्यांनी लिहून दिलं. प्रशांत म्हणाला, "मॅडम, मनीषा त्या दिवसापासून धड जेवली नाही. मी नोकरी सोडून परत यायचं म्हणतोय. तुम्ही एकदा कन्फर्म सांगा ना."

मी नेहमीचं वाक्य म्हटलं. फोनवरून कान तपासता येत नाहीत. आणि ऑटिझम हा तर माझा विषयच नाही, त्यातलं मी एक अक्षर बोलणार नाही. मग विचारलं, "कानाची तपासणी झाली का?"

"झाली ना. काही निघालं नाही."

"पाठव मला."

त्याने पाठवलं, मी वाचलं. काही निघालं नाही याचा अर्थ कान चांगले असा नव्हता! मूल रडलं, हेडफोन काढून फेकले, तपासणी अर्धी राहिली, असा होता. झोपेतली तपासणी करून घ्यावी, असं त्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ लिहिलं होतं आणि त्यासाठी नंबरही लावून दिला होता. तो नंबर बराच पुढचा होता. बाईंनी आपलं काम चोख केलं होतं. आईबाप मात्र 'ऑटिझम' या शब्दाशी थांबले होते. कोणीही थांबेल. आपल्या पोराबद्दल असा शब्द वाचल्यावर त्याच्या पुढच्या ओळी वाचायला डोळे तयार होत नाहीत.

मी कौतिकबाईंना विचारलं, "मुलगा जन्मला तेव्हा दवाखान्यात त्याच्या कानांचं काही केलं होतं का?"

"टोचनात ना! बाराव्या दिनले टोचनात!"

बरोबर आहे. बाळंतपण मनीषाच्या माहेरी, तालुक्याच्या गावच्या छोट्या दवाखान्यात झालेलं. तिथे जन्मतःच ऐकण्याची तपासणी करायचं मशीन कुठून असणार? तिकडे जर्मनीत प्रत्येक बाळाची ती होते, त्यामुळे याचीही झालीच असेल असं सगळे धरून चालले. मनीषाला विचारलं तेव्हा तिनेही "हो, कान बघितले होते" असं सांगितलेलं. नर्सने बघितलेच होते, बॅटरी लावून.

"आन बाई, तो ऐकस!" कौतिकबाई मेजावर हात आपटून म्हणाल्या. "मनाकडे व्हता तवय ऐकत व्हता. मी हाक मारी का पयत ये."

हे त्या वर्षभर सगळ्यांना सांगत होत्या. व्हिसा होईपर्यंत सून आणि नातू दीड वर्ष लिंबायतमध्ये त्यांच्यापाशीच होते. पण आजीचं बोलणं कोण मनावर घेतं? सगळे म्हणायचे, माया आहे. खरं सांगायचं तर त्या दिवशी मीही तेच म्हटलं, मनातल्या मनात.

मी त्यांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी बोलावलं. प्रशांतला सांगितलं, मत-बित काही नाही, मी फक्त मूल बघेन. लॅपटॉप खोलीच्या कोपऱ्यात ठेव, त्यातून आम्ही बघू; त्याचा आवाज बंद. दुसरा फोन मुलाच्या पाठीमागे सोफ्यावर, त्यातून आमचा आवाज. मुलाला कोणाचा चेहरा दिसता कामा नये, कोणाचा हातही हलता कामा नये. ऐकू न येणारी मुलं फार चतुर असतात. सावली हलली, फरशी थरथरली, तरी वळून बघतात, आणि आपल्याला वाटतं ऐकलं.

पडद्यावर मूल दिसलं. कुरळ्या केसांचं, गोरंगोमटं, जमिनीवर बसून ठोकळे रचत होतं. एकावर एक, अगदी तल्लीन. मनीषा त्याच्या मागे उभी. मी म्हटलं, "मनीषा, हाक मार."

तिने हळूच म्हटलं, "बाळा."

मूल ढिम्म.

"नावाने मार."

मनीषा गप्प. नवऱ्याकडे बघितलं, खाली बघितलं. तिला रडू येतंय असं समजून मी म्हटलं, "राहू दे, मीच मारते," आणि फोनवर स्वच्छ, मोठ्याने हाक मारली, "माधव! ए माधव!"

काही नाही. ठोकळ्यावर ठोकळा. पुन्हा मारली. नाही. नावाला प्रतिसाद नाही, हेच तर तिकडे लिहिलं होतं.

माझ्या खांद्यामागून कौतिकबाई चिडून म्हणाल्या, "बाई, असं नाव लिसन कोन वळी?"

"असं नाव घेऊन म्हणजे? माधव नाव आहे ना त्याचं?"

कौतिकबाईंनी पदर पुढे ओढला. एवढ्या खणखणीत बाईचा आवाज एकदम खाली आला. "ते मना मालकनं नाव शे. मी कसं लेसू? आन सून तरी सासरानं नाव कसं लेई?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आजोबांचं नाव नातवाला ठेवलेलं! कागदावर माधव. पण घरात ते नाव घ्यायचं कोणी? बायको घेणार नाही, सून घेणार नाही. प्रशांतला विचारलं तर तोही ओशाळून म्हणाला, "मॅडम, बापाच्या नावाने पोराला रागावणार कसं?" म्हणजे या मुलाला जन्मापासून त्या नावाने कोणी हाकच मारलेली नव्हती! तिकडच्या डॉक्टरीणबाई, बालवाडीतल्या बाई, आणि आता मी, आम्ही सगळ्या त्याच्या आजोबांना हाका मारत होतो.

"मग त्याला म्हणता काय?"

"जिभाऊ." त्यांच्या नवऱ्याला सगळं खातं जिभाऊ म्हणायचं. धुळ्याकडे वडीलधाऱ्याला मानाने तसं म्हणतात. तोच मान नातवाकडे आला होता.

"मारा हाक," मी म्हटलं.

कौतिकबाईंनी फोन तोंडाजवळ धरला आणि चाळीस लूमच्या वरून ऐकू जाईल असा आवाज काढला, "जिभाऊ! ए जिभाऊ! आथा देख रे!"

हातातला ठोकळा तसाच राहिला. मूल वळलं! सोफ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, उठून उभं राहिलं आणि आजीला शोधायला लागलं!

"वळना! पोऱ्या वळना!" कौतिकबाईंनी मला मिठीच मारली. तिकडे मनीषा तोंडावर हात घेऊन खाली बसली. प्रशांत नुसता "मॅडम, मॅडम" करत होता. इतकी वर्षं मी कान तपासले, पण खुर्चीतून उडी मारल्याचं आठवत नाही. त्या दिवशी मारली.

पण धंदा तो धंदा. उडी मारून झाल्यावर डोक्यात टिकटिक सुरू झाली. मी म्हटलं, "मनीषा, आता तू मार हाक. जिभाऊ म्हणून." तिने मागून मारली. नाही वळला. प्रशांतने मारली. नाही. कौतिकबाईंनी मारली, वळला! आईबापाच्या हाकेला नाही आणि आजीच्या हाकेला हो, हे कसं?

आणि मग एकदम लक्षात आलं. मनीषा मुळातच हळू बोलणारी. प्रशांत लिंबायतमध्ये वाढलेला, पण जर्मनीत भिंतीपलीकडची म्हातारी जरा आवाज वाढला की दार वाजवते, म्हणून दोघंही घरात कुजबुजल्यासारखं बोलायला शिकले होते. आजी मात्र खात्यातल्या आवाजात बोलणार. आजीच कशाला, लिंबायतच्या त्या गल्लीत सगळेच तसे बोलतात. दीड वर्षं मुलाला ऐकू येत होतं, कारण सगळं जग ओरडत होतं. जर्मनीत गेल्यावर त्याचं जग गप्प झालं.

"प्रशांत, फोनचा आवाज कमी कर. अर्धा. कौतिकबाई, मारा हाक."

नाही वळला.

"थोडा वाढव."

नाही.

"अजून."

वळला!

पुन्हा केलं. खाली, वर, खाली. मधूनच मी कौतिकबाईंना गप्प बसायला सांगायचे, मूल उगीचच तर वळत नाही ना हे बघायला. तपासणीत हे करावंच लागतं. पण गप्प बसणं कौतिकबाईंना या जन्मात जमणारं नव्हतं. मी बोट ओठावर ठेवलं की त्या मला मोठ्याने विचारायच्या, "आते नही का मारू?" आणि तिकडे मूल वळायचं! शेवटी त्यांना फोनपासून लांब, स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं आणि मग नीट जमलं. माझं सगळं आयुष्य ज्या मशीनवर गेलं त्याचं काम प्रशांतच्या फोनचं बटण करत होतं. फोनवरून कान तपासता येत नाहीत, हे वाक्य मी अजूनही म्हणते, पण पूर्वीच्या ऐटीत नाही.

मी प्रशांतला म्हटलं, "आता नीट ऐक. ऑटिझम आहे की नाही ते मला ठाऊक नाही, ते त्या बाईंनाच ठरवू दे. मला एवढंच दिसतंय की मूल स्वतःचं नाव ओळखतं, आणि त्याला हळू आवाज ऐकू येत नाही. नोकरी सोडू नकोस. तिकीट काढू नकोस. उद्या सकाळी त्या बाईंना फोन कर. त्याचं घरचं नाव सांग, जन्मतः तपासणी झालेली नाही हे सांग, आणि झोपेतली तपासणी लवकर मागून घे."

"त्यांना राग आला तर? म्हणतील, यांनी मला सांगितलंच नाही."

"येऊ दे. ऐकून घे."

त्यांना राग आला नाही. प्रशांतने सांगितलं, बाई खळखळून हसल्या, आणि म्हणाल्या, मला ते नाव शिकवा. त्यांना 'भ' जमेना. 'जिबाऊ, जिबाऊ' करत पुढच्या भेटीत त्यांनी त्याच्या मागे उभं राहून मोठ्याने हाक मारली. तो वळला तेव्हा बाईंनी टाळ्या वाजवल्या म्हणे. त्यांनी स्वतः फोन करून झोपेतल्या तपासणीचा नंबर लवकरचा करून घेतला.

तपासणीच्या दिवशी मला इथे चैन पडेना. यजमान म्हणाले, "निवृत्त झालीस ना?" मी त्यांना चहाचं आधण ठेवायला लावलं आणि स्वतः गॅलरीत फेऱ्या मारत बसले. मूल झोपेल का? मधेच उठेल का? प्रशांतने रेघांचे फोटो पाठवले आणि मी चष्मा पुसून पुसून बघितले. दोन्ही कानांत ऐकणं अर्ध्याहून अधिक कमी. थोडक्यात, साधं बोलणं त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं, ओरडणं पोचत होतं. ऑपरेशनने सुटणारं नव्हतं. मशीन कायमचं लागणार होतं. पण मशीनने भागणार होतं!

मी कौतिकबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "त्याना आजानं गयं ते खात्यामुये. यानं कसामुये?"

काही मुलांचं जन्मतःच असतं, एवढंच मी सांगू शकले. मला आत कुठेतरी आनंदच होत होता आणि त्यांच्यासमोर तो दाखवायची लाज वाटत होती. आडवाटेला शिरलेलं मूल वेळेत सापडलं, याचा तो आनंद होता. पण आजीने नातू बहिरा निघाल्याची बातमी ऐकली होती, आणि तेही तेवढंच खरं होतं.

कानात मशीन घातलं की मूल घडाघडा बोलायला लागतं, असं लोकांना वाटतं. तसं काही होत नाही. जिभाऊने पहिल्या दिवशी मशीन काढून वरणाच्या वाटीत टाकलं. दुसऱ्या दिवशी खेळण्यातल्या ट्रकमध्ये भरून पलंगाखाली पोचवलं. मनीषा मला रडकुंडीला येऊन फोन करायची. पाणी उकळलं की घाबरतो, कागद चुरगळला की घाबरतो. मी सांगायचे, अगं, ते आवाज त्याला पहिल्यांदाच भेटतायत, भेटू दे.

मग तिने एक गोष्ट विचारली. मूल बोलत नाही हे लक्षात आल्यावर ओळखीतल्या कोणीतरी सांगितलं होतं की घरी फार भाषा बोलू नका, गोंधळतं. म्हणून तिने अहिराणी बंद केली होती आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये त्याच्याशी बोलत होती. "आता कुठल्या भाषेत बोलू, मॅडम?"

"तुला झोपेत कुठली येते?"

ती हसली. खूप दिवसांनी. "आमनीच."

"मग तीच बोल. दिवसभर बोल. भाजी चिरताना बोल, कपडे वाळत घालताना बोल. काय बोलतेस ते महत्त्वाचं नाही. तुझं तोंड बंद राहता कामा नये."

महिने गेले. जिभाऊ मशीन काढेनासा झाला. मग सकाळी उठल्याबरोबर स्वतः मागायला लागला. आवाजाला वळायला लागला, मग हसायला लागला, मग एक-एक शब्द. पण शब्द यायचे ते समोर बघून, आईच्या तोंडाकडे डोळे लावून. डॉक्टरीणबाईंनी दोनदा पुन्हा तपासलं आणि आपली पहिली शंका मागे घेतली. मी अजून वाट बघत होते. कशाची ते मनीषाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की आया रोज घड्याळ लावून बसतात.

परवा दुपारी मी उधन्याला भाजी घेत होते. फोन वाजला. मनीषाचा. काही कळेना, नुसता आरडाओरडा. मी भाजीवाल्याला म्हटलं थांब, आणि कडेला जाऊन कान दाबून ऐकायला लागले. ही हळू बोलणारी मुलगी आज लिंबायतच्या आवाजात बोलत होती.

"मॅडम, मी स्वयंपाकघरात होते! तो आतल्या खोलीत! मी पोळी लाटत होते, माझी पाठ त्याच्याकडे, मधे भिंत! मी सहज म्हटलं, जिभाऊ, कोठे शे रे तू? मोठ्यानेसुद्धा नाही, मॅडम, सहज! आणि आतून आवाज आला."

"काय म्हणाला?"

"'आठे!' म्हणे. इथे! मॅडम, त्याला माझं तोंड दिसत नव्हतं."